टुंगाहून गोटेनबर्गला किती तास

टुंगा, १८ ऑगस्ट १९९६

प्रिय सालोमे,

मेंढरं डोंगरावरून उतरवायची यादी काल आली. या वर्षीही टुंगाच्या नावापुढे दोन माणसं लिहिली आहेत. शुक्रवार, तेरा सप्टेंबर, सकाळी सहाला दरीच्या तोंडाशी हजर. समितीतली मंडळी हॉल्माविकला कॉफी पीत उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांना माझ्या खुब्याचं काय पडलंय? एक माणूस म्हणजे तुझा मावसभाऊ कारी. तो येतो म्हणालाय. दुसरं माणूस दर वर्षी तू असतेस. यंदा कोणाचं नाव द्यायचं ते ठरलेलं नाही. शेजारी विचारतात, मी बघू म्हणतो.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, बोला की काहीतरी," आणि मी पावसापाण्याचं सांगून फोन ठेवला. रागावू नकोस. तुला आठवत असेल, दहा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या खोऱ्यातली चौदा घरं एकाच तारेवर होती. एका घरी घंटी वाजली की चौदा घरी रिसीव्हर उचलला जायचा. तुझी आई गेली तेव्हा मी डॉक्टरला सांगत होतो, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारची हेर्डिस त्याच तारेवर रडायला लागली. आता म्हणे प्रत्येकाची तार वेगळी. असेल. पण तुझं दुखणं मी तारेवर घालणार नाही. तू रेक्याविकला शिक्षकांचा कुठलासा कोर्स करतेस, एवढंच इथे सगळ्यांना ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोस्टातल्या फ्रीडाला मात्र सहज विचारल्यासारखं करून विचारलं, रेक्याविकहून स्वीडनमधलं गोटेनबर्ग किती लांब? म्हटलं, शब्दकोडं सोडवतोय. तिने कोष्टक काढलं. दोन हजार किलोमीटरला थोडं कमी. सकाळी साडेसातला निघालेलं विमान साडेबाराला पोचतं. मी पाच तास धरले, तर ती हसायला लागली. "ओड्डुर, त्यांचं घड्याळ दोन तास पुढे असतं. हवेत तीनच तास." आणि टुंगाहून रेक्याविक गाडीने पाच तास. म्हणजे तुला परदेश जवळ आणि बाप लांब.

तू लिहिलं होतंस की दुसऱ्याचं काढलेलं लिव्हर बर्फात बारा तास टिकतं. इथून पाच आणि तिथून तीन, आठ झाले. चार तास उरतात. मी काही म्हणत नाही. नुसतं गणित केलं.

तुझा बाप,
ओड्डुर

रेक्याविक, २४ ऑगस्ट

प्रिय बाबा,

तुमचं गणित वाचून आधी हसले आणि मग चिडले.

बारा तास म्हणजे ते लिव्हर मला बसवून शिवून होईपर्यंतचे बारा तास. ते आधी कुठल्यातरी तिसऱ्याच गावात कोणाच्या तरी पोटातून निघणार. ओस्लो असेल, हेलसिंकी असेल. तिथून ते गोटेनबर्गला उडणार, मी इकडून उडणार. मग माझं रक्त तपासणार, छाती तपासणार, आणि मग कापाकापी. म्हणून नियम असा आहे की पेजर वाजला की तासाभरात मी इथल्या विमानतळावर उभी पाहिजे. तास उलटला की यादीतलं पुढचं नाव. तुमच्या चार तासांतलं एक मिनिटही माझं नाही, बाबा.

एप्रिलपासून मी या तळघरातल्या खोलीत आहे. खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. बॅग दाराशी भरून ठेवली आहे. अंगाची खाज आता औषधालाही ऐकत नाही. काट्याने खाजवते, जेवायच्या काट्याने. चादरीवर रक्त असतं. दुकानात गेले तर रांगेत पेजर हातात धरून उभी राहते, आणि माझ्यामागची बाई विचारते, "डॉक्टर आहात का?" मी हो म्हणते. आमची नर्स योरुन रोज फोन करते. "आहेस ना घरी?" म्हणते. दुसरं कुठे असणार?

दुसरं माणूस म्हणून कोणाचंही नाव द्या. भाड्याने आणा. मला विचारू नका, कारण मला यायचं आहे. एवढं यायचं आहे की तुमचं पत्र उशीखाली घेऊन झोपते आणि डोळे मिटले की दरी दिसते.

तुमची
सालोमे

टुंगा, ३० ऑगस्ट

प्रिय सालोमे,

आग्रह करत नाही. पण तू काट्याने खाजवतेस हे वाचल्यापासून मला जेवताना काटा धरवत नाही, चमच्याने मासे खातोय. म्हणून एक सांगतो, ऐकून घे.

गुरांचा डॉक्टर आला होता. त्याच्याकडे तुझ्यासारखाच पेजर आहे. आपल्या खोऱ्यात तो कुठेच लागत नाही, पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लागतो. समोरच्या डोंगरावरचा खांब बरोबर तिथून दिसतो ना. डॉक्टर तिथे उभा होता तेव्हा दोनदा वाजला. आणि हॉल्माविकच्या धावपट्टीवर आजाऱ्यांचं छोटं विमान येतं, ते रेक्याविकला पाऊण तासात पोचतं. तुझ्या योरुनला म्हणावं, रेक्याविकच्या जाममध्ये अडकण्यापेक्षा हे बरं.

तू डोंगर चढायचा नाही. घोड्यावर बसून खालची बाजू धरायची, ओढ्याकाठची. तुझं स्कुग्गी कुत्रं सोबत. मी खुब्यामुळे घरीच असणार आहे. सबंध दिवस त्या खिडकीत खुर्ची टाकून बसतो, पेजर समोर, वायरलेस हातात. वाजला की तुला सांगतो, कारी तुला जीपने उतरवतो. मी खुर्चीवरून उठणार नाही. तुझ्या आईची शपथ.

येत नाही म्हणालीस तरी चालेल. मात्र एक दिवस अंगावर वारा घेऊन परत गेलीस तर पुढचे महिने काढशील असं मला वाटतं. असं तळघरात बसून तू लिव्हर यायच्या आधीच संपशील.

ओड्डुर

रेक्याविक, ५ सप्टेंबर

बाबा,

येते. गुरुवारी रात्रीपर्यंत पोचते आणि शनिवारी परत.

योरुनला सांगितलेलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. पाच महिने तो पेजर वाजला नाही, तो नेमका त्या दोन दिवसांत वाजेल का? आयुष्यात कधी मला लॉटरी लागली नाही.

कोणाला काही सांगू नका. हेर्डिसमावशींनाही नाही. त्या सूप करायला येतील तेव्हा माझ्याकडे बघतील आणि पिवळी का दिसतेस विचारतील. तर सांगा, शहरातली हवा.

सालोमे

टुंगा, १९ सप्टेंबर

प्रिय सालोमे,

यंदासारखी उतरवणी पाच वर्षांत झाली नव्हती. दहाला धुकं पडलं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण ओढ्याची बाजू तू धरली होतीस. कुंपणाशी उभे असलेले सगळे म्हणाले, "ओड्डुरची पोर आहे तर एकही सुटणार नाही." शनिवारी मोजली तेव्हा आपली तीन कमी, आणि तीही रविवारी स्वतःच्या पायांनी आली. स्कुग्गी अजून दाराशी तुझी वाट बघतो.

एकच लागून राहिलंय. शुक्रवारी संध्याकाळी घोड्यावरून उतरलीस, आत गेलीस, आणि दहा मिनिटांत बॅग घेऊन बाहेर. सूप नाही, गाणी नाही, शनिवारची मेंढरांची विभागणी नाही. हेर्डिस म्हणाली, "एवढी कसली घाई, नवरा ठेवून आलीय का तिकडे?" सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. तुझा चेहरा मला बरा दिसला नाही. दमली होतीस का?

मी ठरल्याप्रमाणे खिडकीत बसलो होतो. अंड्यावर बसलेली कोंबडी उठेल, पण मी उठलो नाही.

हाडांसकट मांस पाठवतोय, कारी आणून देईल.

ओड्डुर

रेक्याविक, २६ सप्टेंबर

प्रिय बाबा,

मांस मिळालं. थोडं खाल्लं, बाकी वरच्या मजल्यावरच्या बाईंना दिलं. मला आता चरबी चालत नाही.

हो, दमले होते. शनिवारपर्यंत थांबले असते तर गाडी चालवता आली नसती, म्हणून निघाले. दुसरं काही नाही. शुक्रवारचा दिवस माझ्या या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता, हे खरं आहे आणि ते तुम्ही लक्षात ठेवा.

तुम्ही तिथे बसून कंटाळला असाल. त्या खुर्चीत डुलकी लागली असेल तरी मी काही म्हणणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने दिवसभर जागं का राहावं? कान तपासून घ्या एकदा, हॉल्माविकला महिन्यातून एकदा कानाचा डॉक्टर येतो. सहज सांगते.

योरुन हल्ली दिवसातून दोनदा फोन करते. माझ्या रक्ताचे आकडे वाढलेत. डोळ्यांचा पांढरा भाग आता पिवळा नाही, नारिंगी आहे. आरशात बघणं सोडलंय.

सालोमे

टुंगा, २० ऑक्टोबर

सालोमे,

काल हेर्डिस लोकर विंचरायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "ओड्डुर, त्या दिवशी तुमच्या खिडकीत ती काळी डबी होती ना, ती कसली? मेली किती ओरडत होती." मी म्हटलं, कोणत्या दिवशी? म्हणाली, "उतरवणीच्या. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन खाली गेल्यावर. मी पोळ्या भाजत होते. आधी वाटलं चुलीचं घड्याळ. मग वाटलं कारीचं काही खेळणं. तीनदा ओरडली. शेवटी वर फडकं टाकलं, तेव्हा कुठे आवाज दबला."

 कोठीघरात जाऊन उभा राहिलो. ती बराच वेळ हाका मारत होती.

मी खिडकीत नव्हतो, सालोमे. खोटं लिहिलं. धुकं उतरलं, आणि वायरलेसवर ओरडा सुरू झाला की खालच्या फाटकाशी माणूस नाही, मेंढरं रस्त्याकडे वळतायत. टुंगाचं फाटक. लोक म्हणाले असते, म्हातारा घरात बसला आणि कळप घालवला. म्हटलं, वीस मिनिटांत येतो. हेर्डिसला म्हटलं, कॉफीकडे बघ. पेजरकडे बघ म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिने विचारलं असतं कशाला, आणि मग सगळ्या खोऱ्याला कळलं असतं. वीस मिनिटांचे तीन तास झाले. आलो तेव्हा खिडकीत फडकं होतं. मला वाटलं तिने वाळत टाकलंय.

तिला काय दोष देऊ? तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. लोकांची तोंडं बंद ठेवायची म्हणून तू न् मी तोंड शिवून बसलो. आणि मी तुझ्या आईची शपथ घेतली होती.

तुला माहीत होतं. तू आत गेलीस ती फडकं उचलायलाच. आणि मला लिहिलंस की कान तपासून घ्या.

मला शिव्या दे. काहीतरी लिही. कुठे गेलं ते? किती वाजता वाजलं? वेळेवर कळलं असतं तर तू पोचली असतीस का? मला रोज रात्री तेच गणित दिसतं आणि रोज ते वेगळं येतं.

ओड्डुर

रेक्याविक, २९ ऑक्टोबर

बाबा,

दहा चाळीस, दहा पंचावन्न आणि अकरा वीस. तीनही वेळी योरुनचा नंबर. मी तो सहा वाजता बघितला. तुमच्याच स्वयंपाकघरातून तिला फोन केला. बाहेर तुम्ही लोकांना दारू ओतत होतात. मी म्हटलं, "मी येते, आत्ता निघते." ती म्हणाली, "कुठून?" मी सांगितलं. तिने कागद उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "सालोमे, ते दुपारीच दुसऱ्याला दिलं. त्यांनी साडेबारापर्यंत वाट बघितली." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तुमचा राग आला का विचाराल. आला. फडकं उचललं तेव्हा वाटलं तुम्ही झोपलात, बहिरे झालात, आणि म्हाताऱ्यावर कसलं चिडायचं, म्हणून गिळून टाकलं. आता कळलं की तुम्ही फाटकाशी गेला होतात. टुंगाच्या नावासाठी. परवापासून मनातल्या मनात मी तुमच्याशी भांडतेय, आणि भांडण मध्येच अडतं. कारण मी स्वतः कुठे होते? नियम तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत होता. मी स्वतः तुम्हाला लिहून पाठवला होता. आणि तुमच्या त्या विमानाने काही झालं नसतं. धुकं होतं, हॉल्माविकचं विमान उतरलंच नसतं. अकराला कळलं असतं तरी जीपने रेक्याविकला चार वाजले असते. म्हणजे मी उंबरठा ओलांडला तेव्हाच ते गेलं होतं. तुम्ही खुर्चीत बसला असतात तरी.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हिशेब तसाच आहे.

पोटात पाणी साठतंय. दर आठवड्याला काढतात. शब्द विसरायला होतात. काल योरुनला "चप्पल" म्हणायचं होतं, पाच मिनिटं आठवलं नाही. ती म्हणते आता इथून विमानाची वाट बघण्यात अर्थ नाही, मला तिकडेच ठेवतील, गोटेनबर्गच्या इस्पितळात, म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही. मला मरायचं नाही, बाबा. अडतीस म्हणजे काहीच नाही. हे कोणाला म्हटलं नव्हतं.

सालोमे

टुंगा, १० नोव्हेंबर

प्रिय सालोमे,

मेंढरं दिली. निम्मी कारीला, निम्मी हेर्डिसच्या नवऱ्याला. कोणी कारण विचारलं तर सांगितलं, खुबा. स्कुग्गी हेर्डिसकडे राहील. पहिल्या दिवशी पळून आला, दुसऱ्या दिवशीही आला, आता राहिलाय.

मी येतो तिकडे, रेक्याविकला. तुझ्या खोलीत जमिनीवर झोपेन. फोनपाशी बसेन. तू शौचाला गेलीस तरी मी बसलेला असेन.

तुझं "हिशेब तसाच आहे" हे वाक्य मी किती वेळा वाचलं कोण जाणे. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण माझा माझ्यावर नाही. तू खोटं लिहू शकतेस हे मला सप्टेंबरातल्या पत्रावरून कळलं, म्हणून आता खरं काय ते समजत नाही. धुकं होतं हे मला आठवतं. पण किती होतं? दुपारी उठलं होतं का? कारी म्हणतो उठलं, बाकीचे म्हणतात नाही.

कधी येऊ ते लिही.

ओड्डुर

टुंगा, २१ नोव्हेंबर

सालोमे,

उत्तर नाही. फोन लावला. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, खाली कोणी नाही, रुग्णवाहिका आली होती. योरुनला लावला. ती म्हणाली तुला तिकडे नेलं, त्या रात्री तुला शुद्ध नव्हती. "तुम्ही कोण?" म्हणाली. मी म्हटलं, बाप. "तिने घरचा नंबर दिलेला नाही," म्हणाली.

हे पत्र गोटेनबर्गच्या पत्त्यावर टाकतोय. मिळालं तर एक ओळ लिही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलीस तरी चालेल.

ओड्डुर

गोटेनबर्ग, ४ डिसेंबर

प्रिय बाबा,

दोन दिवस झाले, डोकं ताळ्यावर आहे. हे पत्र चार बैठकांत लिहितेय, अक्षर बघून घाबरू नका. नंबर दिला नव्हता कारण मी मेले तर तुम्हाला तारेवर कळू नये असं वाटलं. किती मूर्खपणा.

मी यादीत आता सगळ्यात वर आहे. वर असण्याचा अर्थ काय तो इथे सगळ्यांना कळतो. डॉक्टर आठवड्यांत बोलतात. महिना हा शब्द कोणी वापरत नाही.

मला एक सांगायचं आहे. इथे तपासणीला एक मुलगी आली आहे, इल्मा. फिनलंडची, तुर्कूची, एकोणीस वर्षांची. ती शाळेतलं स्वीडिश बोलते, मी शाळेतलं डॅनिश, आणि दोघी हातवारे करतो. माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसते आणि दालचिनीचे पाव खाते. एकामागून एक. परवा मी विचारलं, तुझं ऑपरेशन कधी झालं? म्हणाली, "तेरा सप्टेंबर, शुक्रवार. आजी म्हणत होती, शुक्रवार आणि त्यात तेरा तारीख, मेलीस तरी जाऊ नकोस."

 ती पुढे सांगत होती, "मी पहिली नव्हते. नर्स बोलताना ऐकलं. पहिला माणूस सापडलाच नाही. तुर्कूहून इथे विमान दीड तासही घेत नाही, म्हणून मला घेतलं. मला दोन आठवडे दिले होते त्यांनी." मग तिने पाव खाली ठेवला. "तो गेला असेल का हो? मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करते, पण नाव माहीत नाही."

मी म्हटलं, "नाही. अजून नाही गेला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला वाटतं."

तिला ते पुरलं. परत पाव उचलला. बाबा, तीन महिने मी ते लिव्हर मिळालेल्या माणसाचा द्वेष केला होता. कधी तो जाडा व्यापारी असायचा, कधी कोणी दारूडा. पोरगी निघाली. तिच्या गालाला रंग आहे. तिला खाज येत नाही. मी तिला विचारलं, जिना चढतेस का? म्हणाली, धावत.

म्हणून म्हणते, आता ते गणित सोडा. तुमच्या फाटकामुळे, माझ्या हट्टामुळे, हेर्डिसमावशींच्या फडक्यामुळे ही पोर जगली. मला या गोष्टीने झोप लागली. तुम्हालाही लागावी म्हणून लिहिलं.

सालोमे

केफ्लाविक विमानतळ, १२ डिसेंबर

प्रिय सालोमे,

हे मी टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. तुझ्यासमोर हे मला बोलता येणार नाही, आजूबाजूला माणसं असतील.

तिकीट घ्यायला फ्रीडाकडे गेलो. म्हणाली, "शब्दकोडं अजून सुटलं नाही वाटतं." मी म्हटलं, माझी मुलगी मरतेय. पोस्टात सहा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. घरी पोचायच्या आत हेर्डिस दारात उभी. तिला सगळं सांगितलं, फडक्याचंही, कारण तिने विचारलं. ती खुर्चीत बसली ती उठेना. तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. ते तिला सांगायला नको होतं असं आता वाटतं. पण माझं हे असंच. बोलायचं तेव्हा गप्प आणि गप्प राहायचं तेव्हा बोललो.

पहिल्यांदाच विमानात बसतोय. माझ्या बाजूला एक बाई कोरा चेहरा करून विणतेय. तुझं पत्र कोटाच्या आत आहे. त्याला उत्तर म्हणून मी लिहायला हवं की देव त्या पोरीचं भलं करो. घरी तीनदा लिहायला बसलो. तीनदा कागद फाडला. तू म्हणतेस तुला झोप लागली. तुझं मन तुझ्या आईवर गेलंय. तिच्याकडे कोणी काही मागायला आलं की ती आधी देऊन टाकायची आणि मग बघायची काय उरलंय. मी तसा नाही आणि म्हातारपणी व्हायचाही नाही.

त्या पोरीची आजी घरी बसून देवाचे आभार मानत असेल. मानू दे. मला तिची आजी कळते, म्हणूनच सांगतो, तिच्या जागी मी असतो तर तुझा एकदाही विचार केला नसता. तसाच मीही तिच्या नातीचा करत नाही. मला ती जगायला नको होती, सालोमे. तू हवी होतीस. कोणी मला आज विचारलं, तिचं काढून हिला देऊ का, तर मी वाक्य पुरं होऊ देणार नाही. हे पाप असेल तर असो. तुला झोप लागावी म्हणून मी हे लपवलं तर परत सप्टेंबर होईल, म्हणून लिहिलं.

ती माझ्यासमोर आली तर मी नीट वागेन. आजोबासारखा तिच्या डोक्यावर हात ठेवेन, तुर्कूला बर्फ किती पडलं ते विचारेन, हवं तर पाव आणून देईन. आणि ती बोलत असेल तेवढा वेळ मी तिच्या पोटाकडे बघत राहीन. ते माझ्या मुलीचं आहे.

तुझा बाप,
ओड्डुर